दहा महिने, अठरा कापडी डायपर आणि तो एक खिसा

हा अनुभव मी चौथ्या महिन्यातच लिहायला घेतला होता, तेव्हा लिहिला असता तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. मग सातव्या महिन्यात परत बसले तर एवढं कौतुक लिहून झालं की वाचून मलाच कंपनीने पैसे देऊन लिहून घेतल्यासारखं वाटलं, डिलीट केलं. आता गेल्या महिन्यात तीन डायपरचं मांडीचं इलास्टिक एकापाठोपाठ एक गेलं, कस्टमर केअरशी बारा दिवस भांडण झालं, त्यामुळे डोकं अजून गरम आहे तोवर लिहून टाकते.

कापडी डायपर काय असतात, पॉकेटवाले (आतल्या खिशात पाणी ओढणारं पॅड घालायचे) कसे चालतात हे माहीत धरते. सेट अठराचा, प्रत्येकाबरोबर दोन पॅड, एक मायक्रोफायबरचं (बारीक कृत्रिम धाग्याचं) आणि एक बांबू-कॉटनचं. लेक दीड महिन्याची असताना सुरू केले, आता ती साडेअकरा महिन्यांची आहे. दिवसाला सरासरी सहा धरले तर अठराशे वेळा बदलून झालं, म्हणजे एकेका डायपरची शंभर धुणी. हिशोब मीच काढलाय, रात्री दूध पाजताना दुसरं करायला असतं काय.

आता मुद्द्याचं. खिसा.

डायपरच्या आतल्या मऊ कापडाच्या आणि बाहेरच्या वॉटरप्रूफ कापडाच्या मधे जो खिसा असतो, ज्यात पॅड सरकवायचं, त्याला तोंड फक्त मागच्या बाजूला. फक्त मागे! आणि अरुंद, माझे हात काही फार मोठे नाहीत तरी चार बोटं जेमतेम जातात. पॅड घालताना ठीक आहे, तेव्हा ते कोरडं असतं, तुमचा मूड बरा असतो. पण काढताना ते ओलं, जड, आत गुंडाळी झालेलं असतं, आणि बाळ नेमकी कुठल्या बाजूला जास्त शी करतं हे मी सांगायला नको. म्हणजे ज्या बाजूला सगळा पराक्रम झालाय त्याच बाजूने हात घालायचा. माहितीपत्रकात लिहिलंय की काढायची गरज नाही, मशीनमधे पॅड आपोआप बाहेर येतं. येत नाही. शंभर धुण्यांत मी हे किती वेळा आशेने करून पाहिलं असेल, दर वेळी पॅड आतच, मधला भाग नीट भिजलेला पण नाही. ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदा तरी रात्री तीनला ते पॅड ओढून काढलंय का, एवढंच मला विचारायचंय.

बाकी गोष्टी पटापट सांगते. शोषणाच्या बाबतीत माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला वाटलं मायक्रोफायबर भारी, कारण ते झटकन ओढून घेतं. पण ते दाबलं की सोडतं पण तितक्याच झटकन. मी लेकीला कापडी झोळीत अंगाला बांधून सगळी कामं करायचे, झोळी मांडीखाली घट्ट, आणि अर्ध्या तासात माझ्या पोटावर कोमट ओला गोल. मला वाटायचं डायपर गळकं आहे. डायपरचा दोष नव्हता, नुसता दाब पडत होता. बांबू-कॉटनचं पॅड सावकाश ओढतं पण धरून ठेवतं, त्यामुळे वर मायक्रोफायबर आणि खाली बांबू असं ठेवायला लागल्यापासून प्रश्न मिटला. (मायक्रोफायबर थेट कातडीला लावू नका, ते कातडीचा ओलावा पण ओढून घेतं. खिशात घालायचं ते याचसाठी, त्यामुळे खिशाला शिव्या घालताना हेही कबूल करते.) आणि नवीन सुती पॅड पहिल्या दिवशी पाणी पितच नाही, पाच-सहा धुणी झाल्यावर सुधारतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पहिला आठवडा मी रडून काढला.

बाय द वे, ज्यांनी हे 'नैसर्गिक' म्हणून घेतलंय त्यांच्यासाठी, बाहेरचं कापड पॉलिस्टर आणि त्याच्यावर पॉलीयुरेथेनचा थर. बांबू म्हणतात ते पण बहुतेक वेळा केमिकल प्रोसेस करून काढलेलं व्हिस्कोस. मी पण पॅकेटवरची पानं बघूनच भुलले होते.

पर्यावरणासाठी घेतलं म्हणाल तर त्यातही एक गंमत आहे. इंग्लंड-वेल्सच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा २००८चा अहवाल आहे, त्यात एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशोब काढला तर डिस्पोजेबलचा, म्हणजे वापरून फेकायच्या डायपरचा, कार्बन साधारण ५५० किलो आणि कापडीचा साधारण ५७० किलो निघाला. मी हे वाचलं तेव्हा सेट घेऊन तीन महिने झाले होते आणि मी फोन पालथा घालून ठेवला. पण पुढे वाचलं तर सगळा खेळ धुण्याचा आहे. मशीन भरून लावा, ड्रायर न वापरता बाहेर वाळवा, पुढच्या बाळाला तेच वापरा, असं केलं की त्यातले २०० किलोच्या आसपास वाचतात. ड्रायर आमच्याकडे नाहीच, त्यामुळे नकळत शहाणपणा झाला. पुढच्या बाळाचा विषय सध्या काढू नका.

पाचव्या महिन्यात वासाचं प्रकरण झालं. सकाळचा डायपर उघडला की डोळ्यातून पाणी यायचं, अक्षरशः. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, आणि कापडात जुनी घाण राहून गेली असली की तो जास्तच होतो. घाण राहून का गेली, तर मी पावडर वाचवत होते. बाळाचं नाजूक अंग, केमिकल नको, म्हणून अर्धाच चमचा, आणि खरं सांगायचं तर काटकसर पण होतीच. शेवटी आधी नुसत्या पाण्यात एक धुणं, मग पुरेशी पावडर घालून मोठं धुणं, असं केल्यावर वास गेला. सॉफ्टनर अजिबात घालू नका, कापडावर थर बसतो आणि पॅड पाणी ओढत नाही. रॅशचं झिंक ऑक्साइडवालं क्रीम पण तेच करतं, क्रीम लावायचं तर मधे जुन्या मऊ कापडाचा तुकडा ठेवा.

सहा महिने नुसतं अंगावरचं दूध होतं तोवर शी पाण्यात विरघळून जायची, डायपर सरळ मशीनमधे. वरचं सुरू झालं आणि ते सुख संपलं. आता आधी शी टॉयलेटमधे झटकायची, मग बाकी.

हं, आता तो भाग जो लिहू की नको असं दोनदा झालं.

तिसऱ्या महिन्यातली एक रात्र. पॅड आत गोळा झालं होतं म्हणून कडेने गळलं, तिसरी चादर ओली, नवरा चादर शोधायला गेला तो कपाटापाशी उभ्या उभ्या झोपला की काय कोण जाणे. मी बाथरूमच्या फरशीवर बसून त्या खिशातून पॅड ओढतेय, निघत नाहीये, बोटं ओली, नख अडकलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "देवा, थँक्यू हं. खूप खूप थँक्यू." पूर्ण कुत्सितपणे. दिवसभर सगळे सांगत होते ना की देवाने पदर भरलाय, आभार मान, किती जणींना मिळत नाही. मिळत नाही हे मला कोणी शिकवायला नको, आमच्याकडे पण साडेतीन वर्षं वाट बघून झालीये. पण दमलेल्या बाईला आभार मान म्हणणं म्हणजे तिला गप्प बस म्हणणंच असतं, असं माझं तेव्हा मत होतं, थोडंफार अजूनही आहे.

तर ते पॅड निघालं, आणि खोलीतून लेक हसली. झोपेत नाही, चांगली जागी होती, छताकडे बघून एकटीच खिदळत होती. मी तशीच बसून राहिले, हातात ते घाणेरडं पॅड.

दुसऱ्या दिवशी पॅड काढताना सवयीने परत थँक्यू निघालं, तेव्हा कुत्सितपणा जरा कमी होता. मग एक खेळच झाला, एका पॅडला एक. काहीही. ऊन पडलंय. ताप उतरला. सासूबाईंनी विचारल्याशिवाय बाळाला घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू आडवी हो गं जरा." आज गळलं नाही. आज गळलं पण चादर आधीच धुवायची होती. मोठं मोठं काही सुचायचं नाही, आणि सुचलं तरी ते खोटं वाटायचं. छोटंच खरं वाटायचं.

मी कृतज्ञतेची वही पण आणली होती, एका ताईने सांगितलं म्हणून. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३चा अभ्यास म्हणे, आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहायच्या, लिहिणाऱ्यांना बरं वाटतं. असेल. पण त्यातल्या एका प्रयोगात कॉलेजची पोरं होती, त्यांचे हात कोरडे असणार. माझी वही चार पानांवर थांबली, पाचव्या पानावर दुधाचा डाग आहे. पॅडचं मात्र चुकत नाही, कारण पॅड काढल्याशिवाय सुटका नाही. पूर्वी देवापुढे दोन मिनिटं बसले की निम्मं लक्ष बाळ उठलं का याच्याकडे असायचं, आता माझी खरी प्रार्थना बादलीपाशी होते, आणि देवाला चालत असावं.

बरं, भांडणाकडे येते. इलास्टिक गेलं म्हणून मेल केला तर उत्तर आलं, "प्रिय आई, तुमच्या सुंदर प्रवासात आम्ही सोबत आहोत." मग फोटो मागितले. दिले. मग पावडर कुठली वापरता. सांगितलं. मग मशीनच्या बटणाचा फोटो द्या, किती तापमानावर धुता ते दिसलं पाहिजे! फोनवर बोलले तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, चाळीसच्या वर धुतलं असेल तर वॉरंटी लागू होत नाही." मी म्हटलं, "अरे दादा, तुम्ही वर्षाची वॉरंटी लिहिलीये, दहा महिने झालेत." तो परत चाळीसवर आला. मी पण इरेला पेटले, रोज एक मेल, तोच फोटो, विषयात दिवस क्रमांक घालून.

आता इथे माझीही बाजू शंभर टक्के स्वच्छ नाही हे सांगून टाकते. वासाच्या त्या महिन्यात मी काही धुणी साठवर लावली होती. गरम पाण्याने इलास्टिक लवकर जातं हे खरं आहे. पण मग नेमकी तीनचीच का गेली, अठराही त्याच मशीनमधे होती की. हे मी त्यांना लिहिलं, त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही.

रात्री मी डिस्पोजेबल घालते, आठव्या महिन्यापासून. सांगायला लाज वाटायची, कारण आमच्या नैसर्गिक पालकत्ववाल्या मैत्रिणींत हे म्हणजे धर्म बुडाल्यासारखं. त्यात सोडियम पॉलीअॅक्रिलेटचे कण असतात, ओले झाले की जेल होतं, म्हणून रात्रभर टिकतं. लेक सलग पाच तास झोपली पहिल्या रात्री. मी सकाळी उठून आधी तिचा श्वास बघितला आणि मग त्या जेलसाठी पण थँक्यू म्हटलं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ 'पुरेशी चांगली आई' म्हणून गेलेत, आई परफेक्ट नसली तरी बाळाचं भागतं, नव्हे ती परफेक्ट नसलेलीच बरी अशा अर्थाने. मी ते स्वतःच्या सोयीने वापरते.

बाराव्या दिवशी कंपनीने तीनच्या बदल्यात दोन नवीन पाठवले. तीन गेले तर दोन का हा प्रश्न माझ्या काटकसरी डोक्यातून जात नाहीये. पण पाकीट उघडलं आणि बघते तर काय, नवीन डिझाइन, खिशाला दोन्हीकडे तोंड! लगेच वापरले, न काढता मशीनला टाकले, आणि पॅड खरंच बाहेर आलं. ड्रमला चिकटलेलं, स्वच्छ. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं, त्याने जेवढा उत्साह दाखवायला हवा होता तेवढा दाखवला नाही.

म्हणजे माझी सगळ्यात मोठी तक्रार त्यांना आधीच कळलेली होती, सुधारलेली पण होती, फक्त आमच्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांना सांगितली नव्हती. यासाठी एक स्टार कापते.

नवीन घेणाऱ्यांनी दोन्हीकडे तोंड असलेलेच घ्या, फोटोत नीट बघून घ्या, नाहीतर विचारून. पावडर वाचवू नका, मशीन चाळीसवर ठेवा. माझ्याकडे आता जुने पंधरा आणि नवीन दोन असे सतरा चालू आहेत. जुन्या पंधरांचं थँक्यू रोजच्या रोज होतं, लेक आता बादलीला धरून उभी राहते आणि पॅड पडलं की टाळी वाजवते. नवीन दोघांचं मात्र राहूनच जातं, ते मशीनमधून परस्पर निघून येतात.