अपारदर्शक पेस्टच्या प्रवाहासाठी टेबलावरचा एनएमआर: काही महिने वापरल्यानंतर

आमची लॅब बडोद्यात, मकरपुऱ्याकडे. काम टूथपेस्ट, जेल, शाम्पू यांचं. ऱ्हिओमीटर (माल किती सहज वाहतो ते मोजणारं यंत्र) आधीपासून आहे आणि उत्तम आहे. त्यात एका सिलिंडरात दुसरं फिरतं आणि मधल्या फटीत माल असतो. पण एकच पेस्ट कमी-जास्त फटीच्या दोन संचांत मोजली की दोन वेगळे आलेख यायचे. ऱ्हिओमीटर मोजतो टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर. फटीतला माल ठरल्या रीतीने सरकतोय हे तो धरूनच चालतो. आत खरं काय चाललंय ते पाहायचं तर पेस्ट पांढरीफटक, लेझर शिरत नाही. म्हणून कायम चुंबकाचा, अर्ध्या टेस्लाचा छोटा एनएमआर (एमआरआयच्याच तत्त्वावर चालणारं, चुंबक आणि रेडिओ लहरी वापरणारं यंत्र) आणि त्यात बसणारं काच-प्लास्टिकचं फिरतं सिलिंडर घेतलं.

तत्त्व सुंदर आहे. ग्रेडिएंटची, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची, एक पल्स मालातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनवर त्याच्या जागेची खूण करते, थोड्या वेळाने दुसरी उलटी पल्स ती पुसते. दरम्यान प्रोटॉन हलला असेल तर खूण पूर्ण पुसली जात नाही. उरलेल्या फेजवरून, म्हणजे सिग्नलच्या मागे-पुढे सरकण्यावरून, वेग कळतो. अशा पल्सचा पाया १९६५ मध्ये स्टेस्कल आणि टॅनर यांनी घातला. न्यूझीलंडचे पॉल कॅलाहन यांनी ऱ्हिओ-एनएमआर, म्हणजे वाहत्या मालावरचं असं एनएमआर, नावारूपाला आणलं.

आमच्या पेस्टचा पहिला प्रोफाइल (फटीत कुठे किती वेग त्याचा आलेख) बघून मी बराच वेळ स्क्रीनसमोरच बसलो होतो. आतलं सिलिंडर एका वेगाने फिरतंय आणि त्याला लागून असलेली पेस्ट त्याहून बरीच हळू! भिंतीशी घसरण. बाहेरचा मोठा भाग तर जागचा हललाच नव्हता, कारण तिथे ताण पेस्टच्या यील्ड स्ट्रेसच्या, म्हणजे वाहायला लागण्यासाठी लागणाऱ्या किमान ताणाच्या, खाली होता. सिलिंडर खरबरीत करून घेतल्यावर घसरण कमी झाली आणि ऱ्हिओमीटरचे दोन्ही आलेख जवळ आले. एवढ्यासाठीसुद्धा खर्च वसूल झाला असं मला मनापासून वाटतं.

शाम्पूसाठी तयारी म्हणून सेटिलपिरिडिनियम क्लोराइड आणि सोडियम सॅलिसिलेटचं द्रावण लावलं. त्यात लांबलचक, गांडुळासारखे मिसेल, म्हणजे साबणासारख्या रेणूंचे पुंजके, तयार होतात. वेग वाढवत गेलो तरी टॉर्क फारसा वाढत नाही. आतल्या सिलिंडरालगतचा जास्त शिअरचा (थर एकमेकांवरून वेगाने सरकण्याचा) पट्टा तेवढा रुंद होत जातो. नुसत्या टॉर्कवरून हे कधीच दिसलं नसतं.

आता त्रास. यंत्रातल्या निओडिमियम चुंबकाचं क्षेत्र तापमान वाढेल तसं दर अंशाला साधारण ०.१ टक्का उतरतं. अर्ध्या टेस्लाला प्रोटॉनची वारंवारता २१.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका अंशात वीसेक किलोहर्ट्झचा फरक. म्हणून चुंबक हीटरने ठराविक तापमानावर ठेवतात. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर ४० च्या वर पारा असताना, वीज गेली की एसी बंद, हीटर बंद आणि पुढचे काही तास काम ठप्प. यूपीएस हवाच, तोही चुंबकासाठी वेगळा.

दुसरं म्हणजे वेळ. सिग्नल दुप्पट स्वच्छ हवा तर चौपट वेळ मोजावं लागतं. काही मिनिटांत वाळणाऱ्या किंवा बसणाऱ्या मालाला हे यंत्र उपयोगाचं नाही. आणि गेरू घातलेल्या लाल पेस्टचा नाद सोडा, लोहामुळे सिग्नल टिकत नाही. सॉफ्टवेअर ठीकठाक, फेजवरून खरा वेग उलगडायचं काम आम्ही स्वतः प्रोग्रॅम लिहून करतो.

नुसती श्यानता (दाटपणा) हवी असेल तर ऱ्हिओमीटर पुरतो. माल अपारदर्शक असेल आणि आकडे फटीप्रमाणे बदलत असतील, तर मात्र हे जरूर घ्या. विक्रेते डेमोला पाणी मोजून दाखवतात. ऑर्डर देण्याआधी आपलाच नमुना पाठवून वेगाचा प्रोफाइल काढून मागा, आणि त्याला किती वेळ लागला तेही लेखी घ्या.