नऊशे क्रोनांचा एक अर्ज : स्वीडनच्या सामायिक प्रवेशसेवेचे परीक्षण

स्वीडनमधील उप्साला, लुंड, केटीएच (स्टॉकहोमचे तंत्रविज्ञान विद्यापीठ) किंवा चाल्मर्स या विद्यापीठांपैकी कोठेही मास्टर्स अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल, तर परदेशी विद्यार्थ्याने अर्ज त्या विद्यापीठाकडे पाठवायचा नसतो. तो ‘युनिव्हर्सिटी ॲडमिशन्स डॉट एसई’ या एकाच संकेतस्थळावर भरायचा असतो. हे संकेतस्थळ स्वीडनची उच्च शिक्षण परिषद ही सरकारी संस्था चालवते. भाचीसोबत बसून पुण्यातून तिचा अर्ज भरला, त्या निमित्ताने ही सेवा मला पहिल्या पानापासून निकालापर्यंत पाहता आली, आणि तिचे गुण-दोष दोन्ही त्या देशाच्या उच्च शिक्षणाच्या आर्थिक रचनेतून आलेले आहेत, असे माझे मत झाले.

पुढच्या वर्षीच्या शरद सत्रासाठी ऑक्टोबरच्या मध्यात खिडकी उघडते, जानेवारीच्या मध्यात बंद होते आणि मार्चच्या अखेरीस पहिला निकाल लागतो. एका सत्रासाठी अर्जाचे शुल्क 900 क्रोना (स्वीडनचे चलन) असून ते परत मिळत नाही. मात्र तेवढ्याच रकमेत चार मास्टर्स अभ्यासक्रम निवडता येतात आणि गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्र एकदाच चढवावे लागते. चार विद्यापीठांना चार वेगळी शुल्के भरण्याची सवय झालेल्या पालकांना हा व्यवहार स्वस्तच वाटेल.

या सेवेचा गाभा आहे पसंतीक्रम. महाराष्ट्रात कॅप राउंडचे अर्ज भरलेल्यांना ही कल्पना नवी नाही, पण येथील नियम अधिक कठोर आहे. वरच्या क्रमांकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, की त्याखालचे सर्व पर्याय आपोआप रद्द होतात. निवड करताना मात्र विद्यापीठ पसंतीक्रमाला गुण देत नाही, म्हणून क्रम मनापासून लावायचा असतो. एका सल्लागाराने भाचीला ‘हमखास मिळेल असा अभ्यासक्रम पहिला टाका’ असे सांगितले होते. ते ऐकले असते, तर तिला खरोखर हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचा विचारच झाला नसता. सूचना संकेतस्थळावर स्पष्ट इंग्रजीत आहेत, त्यामुळे सल्लागाराची फी वाचवून त्या दोनदा वाचाव्यात, हे उत्तम.

असे एकच खिडकी असलेले काउंटर चालते, याचे कारण बहुतेक विद्यापीठे ही सरकारी प्राधिकरणे आहेत. चाल्मर्स आणि यॉनशॉपिंग 1994 पासून प्रतिष्ठानांच्या रूपात चालतात, तरी तीही याच प्रवेशव्यवस्थेत आहेत. 1993 मध्ये आलेल्या अनुदानपद्धतीनुसार प्रत्येक संस्थेच्या अध्यापन अनुदानाला वरची मर्यादा असते आणि तिच्या आतील पैसे दोन हिशेबांनी मिळतात: किती पूर्णवेळ विद्यार्थी नोंदले गेले आणि त्यांनी प्रत्यक्षात किती क्रेडिट मिळवले. पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट धरले जातात. विषयानुसार दर बदलतात. मानव्यविद्या आणि कायदा यांचा दर सर्वांत कमी, अभियांत्रिकीचा त्याहून जास्त, वैद्यकाचा आणखी वर, तर ऑपेरा आणि नृत्य यांसारख्या विषयांचा वैद्यकाच्याही कितीतरी पुढे. विद्यार्थी नापास झाला, तर दुसऱ्या हिशेबातील पैसे विद्यापीठाला मिळत नाहीत. गुणवत्ता टिकवू पाहणाऱ्या प्राध्यापकावर याचा दबाव येत नसेल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

आपले विद्यार्थी या हिशेबात बसत नाहीत. 2011 च्या शरद सत्रापर्यंत स्वीडनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण मोफत होते. त्या सत्रापासून युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांच्याबाहेरील नागरिकांना शुल्क लागू झाले आणि त्या देशांतून येणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. शुल्क भरणारे विद्यार्थी अनुदानाच्या मोजणीत धरले जात नाहीत आणि त्यांचा संपूर्ण खर्च शुल्कातूनच वसूल करण्याचे कायदेशीर बंधन विद्यापीठांवर आहे. म्हणून येथे घासाघीस चालत नाही, आणि पहिला हप्ता भरल्याशिवाय निवास परवानाही मिळत नाही. स्वीडिश तरुणांसाठी मात्र शिकवणी मोफत, शिवाय राहण्याखाण्यासाठी सरकारी अनुदान व कर्ज. तेही आईवडिलांचे उत्पन्न न पाहता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांग लावलेल्या माणसाला हा शेवटचा तपशील खटकल्याशिवाय राहणार नाही.

पीएचडीसाठी ही खिडकी उपयोगाची नाही, आणि ही उणीव नसून चांगली बातमी आहे: तेथे संशोधक विद्यार्थ्याला शुल्क नसते, बहुधा तो पगारी कर्मचारी असतो, आणि जागा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोकरीप्रमाणे जाहीर होते.

माझी खरी तक्रार शिष्यवृत्त्यांबद्दल आहे. विद्यापीठांची शुल्कमाफी या अर्जातून मिळत नाही. तिच्यासाठी त्या त्या विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि अनेक ठिकाणी त्यांचा अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकावर असणे ही अट असते. म्हणजे मनापासून लावायचा म्हणून सांगितलेला क्रम पैशांची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला हिशेबानेच लावावा लागतो. भाचीने शेवटी तेच केले: आवडीचा अभ्यासक्रम दुसरा आणि शुल्कमाफीची शक्यता असलेला पहिला.