साथीच्या काळात दार कोणाला उघडायचं? रुग्णभेटीचे नियम आणि सीमेपलीकडचं सहकार्य

साथ आली की सरकारसमोर दोन निर्णय जवळपास एकाच आठवड्यात येतात. रुग्णालयात नातेवाइकांना सोडायचं का, आणि शेजारच्या देशाची सीमा उघडी ठेवायची का. बहुतेक ठिकाणी पहिला निर्णय आरोग्य खातं घेतं, दुसरा गृह किंवा परराष्ट्र खातं, आणि दोघांचं आपसात बोलणं होत नाही. कोविडमध्ये त्याची किंमत रुग्णांनी मोजली. पुढच्या साथीसाठी नियमावली लिहिणाऱ्या समित्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे पर्याय शेजारीशेजारी मांडत आहे.

आधी रुग्णालय. सरसकट बंदी आणि मोजके अपवाद, हा सगळ्यात सोपा मार्ग. इंग्लंडने 2020 च्या वसंतात तो घेतला. अखेरच्या घटका मोजणारा रुग्ण, बाळंतिणीचा जोडीदार, आजारी मुलाचे आई किंवा वडील, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या माणसाची सोबत, एवढ्यांनाच आत प्रवेश होता. हा नियम एका रात्रीत लागू करता येतो आणि दारावरच्या सुरक्षारक्षकालाही समजतो. चाचण्या नाहीत, पीपीई किट अपुरे, विषाणू नवा, अशा पहिल्या काही आठवड्यांत मीही बंदीच्या बाजूने मत देईन.

पण अपवाद कागदावर जितके स्पष्ट दिसतात तितके वॉर्डात नसतात. ‘अखेरच्या घटका’ कधी सुरू झाल्या हे ठरवायचं कोणी? डॉक्टर सावधपणे वाट पाहतात आणि नातेवाइकांना बोलावणं जातं तोवर रुग्ण बोलण्याच्या पलीकडे गेलेला असतो. शिवाय वृद्ध रुग्णाला भरवणं, त्याचं दुखणं-खुपणं ओळखणं, औषधाला नको म्हणत असेल तर समजूत काढणं ही कामं घरचं माणूस करत असतं. ते माणूस बाहेर थांबवलं की हा सगळा भार आधीच थकलेल्या परिचारिकांवर येतो. बंदीचा हिशेब मांडताना ही बाजू बहुतेकदा मोजलीच जात नाही.

म्हणून दुसरा मार्ग मला अधिक पटतो. प्रत्येक रुग्णामागे नाव नोंदवलेला एक माणूस, ज्याला पाहुणा न मानता काळजी घेणाऱ्या चमूचा भाग मानायचं. उत्तर आयर्लंडने 2020 मध्येच ‘केअर पार्टनर’ ही सोय आणली. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातही वृद्धांच्या निवासगृहांसाठी अशी माणसं नेमता येऊ लागली. याने साथ वाढते का? नेदरलँड्सने 20 मार्च 2020 रोजी वृद्धांच्या शुश्रूषागृहांतल्या भेटी बंद केल्या होत्या. 11 मे पासून तिथे 26 शुश्रूषागृहांत प्रत्येक रहिवाशामागे एका माणसाला प्रवेश देऊन पाहिलं, आणि त्या निरीक्षणाच्या काळात नवी लागण नोंदली गेली नाही. मात्र ही शुश्रूषागृहं त्या वेळी कोविडमुक्त होती. लाट शिखरावर असताना तोच निकाल येईल असं धरून चालू नये. या पद्धतीला खर्चही आहे: मास्क, प्रशिक्षण, नोंदी ठेवणारा माणूस.

तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक रुग्णालयाने आपलं आपण ठरवायचं. तो टाळावा. आयर्लंडच्या प्रसूतिरुग्णालयांत जोडीदाराला कधी आणि किती वेळ सोडायचं हे ठिकाणागणिक बदलत राहिलं. 2021 मध्ये सरकारी यंत्रणेने निर्बंध सैल करायला सांगितल्यावरही सगळीकडे ते सारखे सुटले नाहीत. पोटातलं बाळ गेल्याची बातमी एकटीने ऐकणाऱ्या बाईला, तिच्या शहरातल्या रुग्णालयाच्या इमारतीची रचनाच जोडीदाराला सोडण्याजोगी नाही, हे कारण पुरेसं कसं वाटावं?

आता सीमा. ती बंद करण्याचं टोकाचं उदाहरण जर्मनीचं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगन. एकमेकांना चिकटलेल्या या दोन गावांमध्ये 2020 च्या मार्चमध्ये कुंपण उभं राहिलं, आणि लोक त्यातून हात धरू लागले म्हणून अंतर ठेवून दुसरंही. सीमेपलीकडून रोज कामाला येणारे वैद्यकीय कर्मचारी जिथे असतात, तिथे अशी बंदी रुग्णालयालाच पंगू करू शकते.

दुसरा पर्याय सामंजस्य कराराचा. डब्लिन (आयर्लंड) आणि बेलफास्ट (ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड) इथल्या आरोग्य खात्यांनी 7 एप्रिल 2020 रोजी असा करार केला. माहिती, संशोधन, जनतेला द्यायचे संदेश यांत सहकार्य करायचं ठरलं. करार झटपट होतो, संसदेत जावं लागत नाही, आणि दोन्हीकडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी थेट बोलू लागतात. उणीव अशी की तो बंधनकारक नव्हता. टाळेबंदीच्या तारखा दोन्हीकडे वेगळ्या राहिल्या, आणि डब्लिनला उतरून उत्तर आयर्लंडकडे जाणाऱ्या प्रवाशांची माहिती देण्यावरून वाद झाला. बंधनकारक कायदा याहून भक्कम, पण तो साथीच्या मध्यावर लिहिता येत नाही. युरोपीय संघाचा सीमापार आरोग्यसंकटांबाबतचा नवा नियम 2022 च्या अखेरीस आला, म्हणजे सर्वांत वाईट लाटा सरून गेल्यावर.

सहकार्याचं सगळ्यात ठोस रूप मात्र रुग्ण हलवण्यात दिसलं. मार्च 2020 मध्ये पूर्व फ्रान्समधले अतिदक्षता विभाग भरले, तेव्हा जर्मनी, स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्गने तिथले रुग्ण घेतले. इटलीतूनही रुग्ण विमानाने जर्मनीत गेले. यांतून जीव वाचले, यात शंका नाही. दोन्ही निर्णय एकमेकांना भिडतात तेही इथेच. व्हेंटिलेटरवरचा माणूस परदेशी गेला की त्याच्या पत्नीला दोन दारं ओलांडायची असतात: सीमेचं आणि वॉर्डाचं. एका बाजूचा नियम तिला सोडतो आणि दुसऱ्या बाजूचा विलगीकरणात बसवतो, तर पहिल्या परवानगीचा उपयोग शून्य.

त्यामुळे निवड करायची झाली तर माझा कौल असा. पहिल्या काही आठवड्यांपुरती बंदी, आणि ती संपण्याची तारीख त्याच आदेशात. त्यानंतर नेमलेल्या माणसाची पद्धत, देशभर एकसारखी. शेजारी देशाशी सामंजस्य करार आजच, साथ नसताना करावा, आणि त्यात तीन कलमं नावानिशी असावीत: प्रवाशांची माहिती कोण कोणाला किती तासांत देणार, हलवलेल्या रुग्णाचा खर्च कोणाचा, आणि त्याच्या नेमलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी चालणारं एकच ओळखपत्र. इंग्लंडमध्ये रुग्णालयं, निवासगृहं आणि हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी केंद्रं) यांत भेटी होऊ देण्याचा नियम 6 एप्रिल 2024 पासून लागू झाला आणि तो पाळला जातो का हे तिथला ‘केअर क्वालिटी कमिशन’ हा आयोग तपासतो. मसुदा लिहिताना तो समोर ठेवावा. सीमेपलीकडून येणाऱ्या नातेवाइकासाठीचं कलम मात्र तुम्हालाच घालावं लागेल.