रोटरीत जवळजवळ एक वर्ष: दर बुधवारच्या बैठकीचा अनुभव

गेल्या जुलैत मी आमच्या गावच्या रोटरी क्लबची, म्हणजे वेगवेगळ्या धंद्यांतल्या लोकांनी समाजकार्यासाठी चालवलेल्या जागतिक संस्थेच्या गावशाखेची, सदस्य झाले. आता मे संपत आलाय, म्हणजे रोटरीचं वर्षही संपत आलं. तिथे 1 जुलैला नवा अध्यक्ष येतो आणि 30 जूनला जुन्याचा हिशेब मिटतो. या काळात दुकानावर येणाऱ्यांनी, त्यातही बायकांनी, मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: दर आठवड्याला जमून तुम्ही करता तरी काय? गिऱ्हाईक उभं असताना दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. उत्तर गोव्यात एका तालुक्याच्या गावी माझी फार्मसी आहे. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत. त्या मी बैठकीत तोंडावर मांडलेल्या आहेत.

मत आधीच सांगते. पेपरात फोटो येतो तो शिबिराचा, नाहीतर शाळेला संगणक दिल्याचा. पण क्लब लोकांच्या उपयोगी पडतो तो बुधवारच्या त्या तासाभरामुळे. ती बैठक नसती तर बाकीचं सगळं एकदा होऊन विरून गेलं असतं.

बैठकीचा क्रम ठरलेला. साडेसातला अध्यक्ष घंटेवर ठोका देतात, राष्ट्रगीत होतं, मग 'फोर वे टेस्ट' सगळे मिळून म्हणतात. चार प्रश्न आहेत: हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, आणि सर्वांच्या हिताचं होईल का. हर्बर्ट टेलर नावाच्या अमेरिकन रोटेरियनने 1932 साली एक बुडायला आलेली कंपनी सावरताना हे प्रश्न लिहिले, असं पहिल्याच बैठकीत कळलं. त्यानंतर सेक्रेटरीच्या सूचना, कोणाचा वाढदिवस, चालू कामांचा आढावा, आणि वीस मिनिटं पाहुण्या वक्त्याची. कधी कृषी खात्यातला अधिकारी सुपारीच्या रोगांवर बोलतो, कधी वीज खात्यातले निवृत्त अभियंते घरातल्या अर्थिंगबद्दल सांगतात. शेवटी चहा आणि भाजीपाव, कधी सोबत मिरची.

रोटरीची सुरुवातही अशा छोट्या बैठकीतूनच झाली. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील तीन ओळखीच्यांना घेऊन एका कचेरीत बसला. पुढे आळीपाळीने, म्हणजे इंग्रजीत 'रोटेशन'ने, एकेकाच्या कचेरीत जमायचं ठरलं, त्यावरून रोटरी हे नाव पडलं. एका धंद्याची चार माणसं न घेता वेगवेगळ्या धंद्यांची एकेक घ्यायची, ही जुनी पद्धत. आता ती सैल झाली आहे, पण आमच्या टेबलाभोवती अजून दिसते: हार्डवेअरवाले, दातांचे डॉक्टर, काजूचे व्यापारी, निवृत्त हेडमास्तर, एलआयसीचे एजंट, आणि खाणी चालू असताना ज्यांचे ट्रक होते ते एक काका. त्याचा फायदा कागदावर कळत नाही. तो मला कळला तो साहित्याच्या कामात.

आमच्या क्लबकडे रुग्णांसाठीचं साहित्य आहे: व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, हँडल फिरवून डोकं-पाय वर करता येतात असे पलंग, पाच लिटरचे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवून ते फुकट वापरायला मिळतं. गोमेकॉतून, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून, माणसाला घरी सोडतात, आणि घरच्यांना तिथल्या आवारातच पहिल्यांदा कळतं की आजपासून आपल्याला पलंग लागणार आहे. पक्षाघात किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या घरात ही वस्तू विकत घ्यायची की भाड्याने, कुठून, हे शोधायला त्या दिवशी कोणाला डोकं नसतं.

पावसाळ्यात एका घरी पलंग पोचवायचा होता. जुनं मातीच्या भिंतींचं घर, समोर सोपो म्हणजे ओसरी, आत जाणारा दरवाजा अरुंद आणि उंबरा वीतभर उंच. पलंग आडवा जाईना, उभाही जाईना. हार्डवेअरवाल्या काकांनी सोप्यावरच बैठक मारली, डोक्याकडची आणि पायाकडची लोखंडी फ्रेम नटबोल्ट सोडवून वेगळी केली, पत्र्याचे भाग एकेक करून आत नेले आणि खोलीत पुन्हा जोडले. हँडल गंजलेलं होतं, ते फिरेना. खिशातून तेलाची कुपी काढून त्यांनी ते मोकळं केलं. मग त्या घरच्या सुनेला खाली बसवून दाखवलं की कोणतं हँडल पाठीचं, कोणतं गुडघ्यांचं, आणि जेवण भरवताना पाठ किती वर घ्यायची. तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'देव बरें करूं.' काकांनी तिथेच मला सांगितलं की येत्या बुधवारी सगळ्या पलंगांच्या हँडलांचा विषय काढायचा. काढला. त्याच महिन्यात सगळे पलंग एकदा उघडून तेलपाणी झालं.

म्हणूनच दर आठवड्याला भेटण्याला मी एवढं महत्त्व देते. आढाव्यात साहित्याची वही वाचली जाते: काय कोणाकडे आहे, कधीपासून आहे, कोणी फोन केला. घरातलं माणूस बरं होतं किंवा जातं, आणि दोन्ही वेळेला पलंग परत करायचं लोकांच्या ध्यानात राहत नाही. आठवड्याने कोणीतरी नाव वाचतो, ओळखीचा सदस्य जाऊन विचारपूस करतो, आणि वस्तू पुढच्या घरी जाते. ज्यांच्या घरी नुकतंच माणूस गेलंय तिथे फोन न करता समक्ष जायचं, हाही नियम बैठकीतच ठरला.

फार्मासिस्ट म्हणून माझ्याकडे वॉकर आणि कॉन्सन्ट्रेटर आले. वॉकरची उंची ज्याची त्याला बसवून द्यावी लागते: माणूस सरळ उभा, हात खाली सोडलेले, तर मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे. त्याहून खाली असली तर म्हातारी माणसं वाकून चालतात आणि तोल जातो. पायांची रबरं झिजली की ओल्या लादीवर वॉकर सरकतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर लादी ओलीच असते. रबर पाचपन्नास रुपयांचं, माणूस पडलं तर पुन्हा खुबा. आता रबर बघितल्याशिवाय वॉकर बाहेर जात नाही. कॉन्सन्ट्रेटरचं वेगळंच. तो हवेतूनच साधारण 90 टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन काढतो, पण विजेवर चालतो, आणि पहिल्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून सोबत भरलेला सिलिंडर असल्याशिवाय तो घरी द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, हे कागदावर मराठीत छापून मशिनला चिकटवलं आहे.

रक्तदानाबद्दल माझं मत या वर्षात पक्कं झालं. सगळ्यांनाच 15 ऑगस्टला किंवा 2 ऑक्टोबरला शिबिर हवं असतं. सुट्टी असते, झेंड्याखाली फोटो येतो. पण रक्तातल्या लाल पेशी पिशवीत 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र जेमतेम पाच दिवस. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण येतात तेव्हा रक्तपेढीत ताज्या प्लेटलेट्स लागतात, त्या गेल्या महिन्याच्या मोठ्या शिबिरातून मिळणार नाहीत. मग एका दिवशी शंभर पिशव्यांपेक्षा चार वेळा पंचवीस बऱ्या. आम्ही एक लहान शिबिर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घेतलं आणि एक मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना. दोन्ही वेळी रक्तदाते कमी मिळतात, म्हणूनच ती वेळ निवडली. यावर बैठकीत जोरात वाद झाला आणि झाला ते बरंच झालं.

शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी बसले होते. 18 ते 65 वय, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. या शेवटच्या अटीवर बायका एकामागून एक मागे फिरत होत्या. घरचं काम टाकून, साडी नेसून, मनाची तयारी करून आलेल्या. 'नाही चालणार' एवढं ऐकून त्या निघून जातात आणि पुढे काहीच होत नाही. मी त्यांची नावं त्यांना विचारूनच वेगळी लिहून ठेवली आणि पुढच्या बुधवारी विषय मांडला. आमच्यातल्या एका डॉक्टर सदस्याने प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून त्यांची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुरू करून दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे समजावायचं काम माझं. त्यातल्या काही जणी मेच्या शिबिरात रक्त देऊन गेल्या. शिबिराच्या अहवालात फक्त जमलेल्या पिशव्यांचा आकडा जातो. परत पाठवलेल्यांचाही जावा, असं मला वाटतं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. रोटरीत स्त्रियांना सदस्यत्व 1989 पासून आहे. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने 1977 मध्ये तीन बायकांना घेतलं म्हणून त्या क्लबची मान्यताच काढली होती; प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1987 मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. 2022 मध्ये जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे मात्र सदस्यांच्या बायकांना अजून 'ॲन' म्हणतात आणि मुलांना 'ॲनेट'. मला आमच्या क्लबात मानाने वागवलं गेलं, हे स्पष्ट सांगते. पण कार्यक्रमात 'सगळ्या ॲननी स्वागताला उभं राहावं' अशी घोषणा झाली की मी जागेवरून उठत नाही, आणि का उठत नाही ते सांगते. आरती धरायला आणि रांगोळी घालायला पुरुष सदस्यांनीही यावं. दोन-तीन जण येऊ लागले आहेत.

आता तक्रारी. सत्कार फार होतात. पदग्रहण सोहळा, प्रांतपालांची (रोटरीच्या प्रांताच्या प्रमुखांची) भेट, कोणाची नेमणूक, कोणाचा पुरस्कार: प्रत्येक वेळी शाल, गुच्छ, परिचय, परिचयाला उत्तर. गोवा, दक्षिण महाराष्ट्रातले काही जिल्हे आणि उत्तर कर्नाटकाचा भाग मिळून रोटरीचा आमचा 3170 क्रमांकाचा प्रांत होतो, त्यामुळे व्यासपीठावर बसवायला माणसं कमी पडत नाहीत. एकदा शाळेच्या मुलांना सायकली द्यायच्या होत्या आणि मुलं तासभर खुर्च्यांवर भाषणं ऐकत बसली. ते मला अजिबात पटलं नाही. दुसरी तक्रार इंग्रजीची. टेबलाभोवती सगळे कोंकणी-मराठी बोलणारे, आणि कामकाज इंग्रजीत. गावातले पाहुणे येतात, हसून मान डोलावतात आणि प्रश्न न विचारता जातात. आता वक्त्याला भाषेची मोकळीक आहे आणि आढावा मराठीत होतो. लगेच प्रश्न वाढले.

वर्षभरात एक मोठा प्रश्नही उभा राहिला. 2016 साली रोटरीच्या नियमसभेने महिन्यातून किमान दोन बैठका पुरे अशी मोकळीक दिली. आमच्यातल्या तरुण सदस्यांनी पंधरवड्याची बैठक सुचवली. त्यांचं म्हणणं खोटं नाही: लहान मुलं, वेर्ण्यातल्या कारखान्यांच्या शिफ्ट, पावसात रात्री गाडी चालवणं. मी साप्ताहिक बैठकीच्या बाजूने बोलले. पंधरा दिवसांत एक बैठक चुकली की महिना जातो, आणि महिन्याभराने वही वाचून पलंग परत येत नाही. शेवटी तोडगा निघाला: बैठक दर आठवड्याला, पण एका आड एक बैठक फक्त कामाची, वक्ता नाही, पाऊण तासात मोकळं. ही कामाची बैठक मला जास्त आवडते.

पैशांचं विचारतात म्हणून लिहिते. आमचं वर्षाचं शुल्क पाच आकड्यांत आहे. त्यात आंतरराष्ट्रीय संस्थेचा वाटा, प्रांताचा वाटा, मासिकाची वर्गणी आणि बैठकीचं खाणंपिणं येतं. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याला हे जड आहे, आणि यामुळे चांगली माणसं बाहेर राहतात. लोकांकडून कामासाठी घेतलेल्या देणग्यांचं खातं वेगळं असतं, त्यातून चहाचा कपही घ्यायचा नाही. आमच्याकडे दोन्ही खाती दर तिमाहीला बैठकीत वाचून दाखवतात.

जुलैत मी शुल्क भरणार आहे आणि साहित्याची जबाबदारी आणखी एक वर्ष मागून घेतली आहे. तुम्हाला कोणी क्लबात बोलावलं तर लगेच अर्ज भरू नका. आधी पाहुणे म्हणून तीन-चार बैठकांना जाऊन बसा, मोठ्या कार्यक्रमाला नको, साध्या बैठकीला. तिथे दोन गोष्टी विचारा: देणग्यांचं खातं वेगळं आहे का, आणि गेल्या वर्षी दिलेल्या वस्तू आज कुठे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला कोणी वही उघडून उत्तर दिलं, तर अर्ज भरा.