गोळ्यांचा 28 कप्प्यांचा डबा, आठ महिने वापरल्यावर

डबा घेऊन आठ महिने झाले, आता लिहिते, पहिल्या आठवड्यात काय सगळंच छान वाटतं. माझं वय 72, दिवसाला आठ-नऊ गोळ्या, बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम आणि वर बोटं वाकडी करणारा संधिवात. डबा साधाच आहे, सात दिवस आणि दिवसाचे चार कप्पे.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे "घेतली की नाही" हा प्रश्न मिटला. आधी यावरून आमच्या ह्यांच्याशी रोज वाद, ते म्हणणार घेतलीस, मी म्हणणार नाही घेतली, आणि एक-दोनदा त्या नादात बीपीची डबल गेली आणि दिवसभर गरगरत होतं. आता कप्पा रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला. मोबाइलचा अलार्म पण लावून बघितला होता, पण मी तो बंद करायचे आणि पाण्याचा ग्लास शोधेपर्यंत का उठले तेच विसरायचे.

आता तक्रारी. झाकणं. ज्याने डिझाइन केलाय त्याचे अंगठे नक्कीच पंचविशीतले असणार. सकाळी सकाळी माझी बोटं आखडलेली असतात, नखाने उचकटायला गेलं की एकाऐवजी दोन कप्पे उघडतात आणि गोळ्या पलंगाखाली. मग युक्ती सापडली, चमच्याची दांडी झाकणाच्या कडेखाली घालायची की टक्कन उघडतं. वारांची अक्षरं तिसऱ्या महिन्यातच पुसली, मी नेलपॉलिशने ठिपके दिलेत, सकाळ एक ठिपका, दुपार दोन, असे. नेलपॉलिशचा एवढाच उपयोग राहिलाय आता.

भरायला अर्धा तास लागतो आणि खरं काम तेच. पांढऱ्या गोल गोळ्या तीन प्रकारच्या, स्ट्रिपवरची अक्षरं मुंगीएवढी, त्यात स्ट्रिप कापून दिलेली असली की नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर. मध्ये बीपीची गोळी वेगळ्या कंपनीची आली, रंग वेगळा, म्हणून मी ती नवीन समजून जुन्यासोबतच भरली, दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच. चार दिवसांत घोटे सुजले तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. तेव्हापासून ब्रँडचं नाव बघतच नाही, खालचं बारीक औषधाचं नाव भिंगाने वाचते.

आणि एक प्रसंग सांगते, तेव्हापासून डबा मीच भरते. एकदा हात फारच सुजले होते म्हणून मुलाने भरून दिला, प्रेमानेच. संध्याकाळी बघते तर सोमवारपासून रविवारपर्यंत प्रत्येक कप्प्यात ती पिवळी मेथोट्रेक्सेट! ही माझी संधिवाताची, आठवड्यातून एकाच वारी घ्यायची गोळी, रोज गेली तर रक्तपेशी कमी होतात, तोंड आतून सोलवटतं, जिवावर बेतू शकतं. त्याने स्ट्रिप नीट वाचली नाही आणि मला ती वाचता येत नाही, असं आमचं दोघांचं. बोलले काही नाही, त्याचा चेहराच एवढा पडला होता. आता ती गोळी डब्यात नाहीच, कपाटात वेगळ्या डबीत, आणि कॅलेंडरवर वाराभोवती लाल गोल.

थायरॉइडची पण बाहेरच, उशाशी, कारण ती उपाशीपोटी, नंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही, आणि कॅल्शियम तर तिच्यापासून चार तास लांब हवं. डब्यावर नुसतं "सकाळ" लिहिलेलं, त्याला काय कळणार कुठली सकाळ. लघवी वाढवणारी गोळी आधी मी रात्रीच्या कप्प्यात टाकायचे आणि रात्री चारदा उठायचे, डॉक्टरांना विचारून ती सकाळी केली तेव्हा कुठे झोप लागायला लागली, इतके महिने कोणी सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी विचारायला लाज वाटते हो, खरंच.

आता डॉक्टरांकडे जाताना भरलेला डबा आणि सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून नेते. गेल्या वेळी त्यांनी सगळं टेबलावर मांडून बघितलं आणि त्यातल्या दोन गोळ्या बंदच केल्या.

पाचपैकी साडेतीन स्टार, दीड झाकणांसाठी कापला. धुता येतो, पण रात्रभर उघडा वाळवावा लागतो, कप्प्यात ओल राहिली की गोळ्या तळाला चिकटतात आणि मग परत चमचा.