कसूती, कवंद की खानापूरची माती? चित्रकलेच्या वर्गासाठी एक तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत चित्रकला शिकवणाऱ्यांनी वर्षातले सात-आठ तास स्थानिक कलेसाठी राखून ठेवायचे म्हटले, की तीन पर्याय सहज समोर येतात: धारवाडकडची कसूती म्हणजे भरतकाम, सिद्दी समाजातल्या स्त्रियांची कवंद म्हणजे तुकड्यांची गोधडी आणि खानापूरचे कुंभारकाम. मुलांसमोर कलावंत म्हणून बाई किती ठळकपणे उभी राहते, ही कसोटी मी लावते, आणि त्या कसोटीवर या तिघांचा क्रम लोकप्रियतेच्या क्रमापेक्षा वेगळा लागतो.

कसूतीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची ओळख करून देण्याची गरज नसते, कारण आज्यांच्या इरकली लुगड्यांवर आणि काळ्या चंद्रकळेवर गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन मुलांनी पाहिलेले असते. हे नमुने कापडावर छापून घेत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत टाका घालतात. टाके चार आहेत. गवंतीत धावदोरा एकदा पुढे जातो आणि त्याच वाटेने परतताना मधल्या मोकळ्या जागा भरतो, म्हणून रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मुरगी तशीच, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जाते. नेगी विणीसारखी दिसते, तर मेंथी म्हणजे फुलीचा टाका, ज्याचे नाव मेथीवरून आले. गाठ मारायची नाही, हा नियम मुलांना विशेष आवडतो. आलेख कागदावर नमुना काढून घेतल्यास सममिती शिकवण्याचे याहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

अडचण संख्येची आहे. मोजणीत एक धागा चुकला की परतीचा टाका जुळत नाही आणि सगळे उसवावे लागते. चाळीस मुलांच्या वर्गात मी हा प्रयोग केला, तेव्हा चार तासांनंतर बहुतेकांच्या मॅटीच्या कापडावर अर्धेच गोपूर उभे होते. शिवाय जुन्या लुगड्यावर ते भरणारीचे नाव क्वचितच सापडते, त्यामुळे चर्चा नमुन्याची होते, बाईची होत नाही.

कवंदीत हे उलटे घडते. आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आणि खानापूर तालुक्यातही राहतो. या समाजातील स्त्रिया जुन्या साडीवर जुन्या कपड्यांचे तुकडे ठेवून, कडेपासून सुरुवात करत धावदोऱ्याने मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ बसवतात. रंग कुठे ठेवायचा, हे ज्या त्या बाईचेच ठरते. साहित्याला जवळजवळ खर्च नाही, आणि ज्या घरात वाकळ आहे, शेजारच्या कन्नड घरात कौदी आहे, तिथल्या मुलाला पहिली कलावंत आजीच भेटते. मात्र वाकळ आणि कवंद एकच, असे सांगून मोकळे होऊ नये. दोन्ही शेजारी पसरून फरक मुलांनाच शोधू द्यावा. सिद्दी वस्तीत मुलांना नुसते ‘बघायला’ नेणे मला पटत नाही. एक-दोन जणींना मानधन देऊन शिकवायला बोलवावे आणि फळ्यावर त्यांचे नाव शिक्षकाच्या नावासारखेच लिहावे.

कुंभारकामाबद्दल थोडक्यात. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे आणि मातीत हात घालायला मुले आतुर असतात. पण भट्टी शाळेत नसते, आणि चाकावर परंपरेने पुरुष बसत आल्यामुळे माती मळणारी बाई मुलांना दिसतच नाही. सहल म्हणून हा पर्याय उत्तम आहे.

पाचवी ते सातवीसाठी, विशेषतः वर्ग मोठा असल्यास, मी कवंद सुचवीन. आठवी-नववीत पंधरा-वीस जणांचा गट असेल तर कसूती घ्यावी आणि सोबत शीला गौडा यांच्या कामाची छायाचित्रे दाखवावीत. भद्रावतीत १९५७ साली जन्मलेल्या या चित्रकर्तीने सुयांच्या नेढ्यांतून लांबच लांब दोरे ओवून, ते कुंकवाने माखून त्यांचे दोरखंड दालनभर सोडले आहेत. स्वतः सुई धरलेल्या मुलांना त्यामागचे कष्ट लगेच कळतात. दोन्ही कलांना पुरतील इतके तास मिळाले, तर कवंद आधी ठेवावी, कारण धावदोरा हाताला बसला की गवंतीत फक्त परतीची वाट तेवढी शिकवायची उरते.