तीन कोट ग्लूचे पैसे, चाकावर चपलेचं सोल्युशन

रोड बाइकच्या, म्हणजे रेसिंग सायकलच्या, चाकांवर ट्यूब्युलर टायर चिकटवून देतो म्हणून सोलापुरातल्या एका दुकानदाराने माझ्याकडून २,८०० रुपये घेतले आणि चिकटवल्याचं नुसतं नाटक केलं. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्याने हे कसं केलं ते लिहायलाच हवं. पुण्या-मुंबईचे रायडर ट्यूबलेसकडे वळल्यापासून त्यांची जुनी कार्बन ट्यूब्युलर चाकं पडत्या भावात विकायला येतात आणि आपल्याकडची पोरं ती हौसेने घेतात. टायर चिकटवायची वेळ आली की शहरात हे काम येणारी माणसं शोधूनही सापडत नाहीत. नेमकी हीच अडचण काही जणांनी हेरली आहे.

ज्यांनी ट्यूब्युलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या टायरच्या कडेला तार असते, ती रिमच्या खाचेत अडकते आणि आत ट्यूब वेगळी असते. ट्यूब्युलरमध्ये ट्यूब टायरच्या आतच शिवून टाकलेली असते. टायर म्हणजे एक बंद नळी, आणि शिवणीवर झाकायला सुती पट्टी. रिमला खाच नाही, कडा नाही, नुसती उथळ पन्हळ. टायर रिमवर धरून ठेवायचं खरं काम ग्लूच करतो. वळणावर सायकल कलली की सगळा आडवा जोर त्या ग्लूवर येतो.

हे काम नीट करायचं तर वेळ लागतो. आधी टायर कोरड्या रिमवर चढवून, हवा भरून दिवसभर ताणायला ठेवायचा. रिमवरचा जुना ग्लू खरवडून पुसून काढायचा. मग रिमवर ग्लूचा पातळ कोट, म्हणजे थर, तो रात्रभर वाळवायचा, त्यावर दुसरा. टायरच्या पट्टीवरही कोट हवाच, ती सुती असल्यामुळे पहिला कोट पिऊन टाकते. शेवटचा कोट बोटाला चिकटतो न चिकटतो असा झाला की व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही हातांनी टायर ताणत खाली आणायचा, सरळ बसवायचा, हवा भरायची आणि पुन्हा दिवसभर हात लावायचा नाही. हाताचं काम तासा-दीड तासाचं असतं, बाकी सगळं वाट बघणं.

मला हे माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे दुकानदारालाही कळलं होतं. म्हणून त्याने ‘संध्याकाळी घेऊन जा’ असं म्हटलंच नाही. उलट मलाच समजावलं, ‘सर, घाई केली तर काम बिघडतं, गुरुवारी या.’ काउंटरवर इटालियन कंपनीच्या ग्लूचा डबा ठेवलेला होता. मधे एकदा फोन केला तर म्हणाला, दुसरा कोट वाळतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेबही पाठवला: जुना ग्लू काढणे, इम्पोर्टेड ग्लूचे तीन कोट, लेबर. गुरुवारी चाकं हातात आली तेव्हा टायर सरळ बसलेले, हवा टम्म, कुठे ग्लूचा ओघळसुद्धा नाही. एवढं स्वच्छ काम बघून कुणालाही बरंच वाटेल.

तरी मी अंगठ्याने ढकलून पाहिलं. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला टायर जरासा उचलल्यासारखा वाटला. तर तो लगेच म्हणाला, ‘तिथं मुद्दाम सोडलंय सर. रस्त्यात पंक्चर झालं तर टायर काढायला बोट कुठं घालणार?’ यात अर्धं सत्य आहे. जुने रेसर व्हॉल्व्हच्या समोर दोन-तीन बोटं जागा कोरडी सोडत, कारण पंक्चर झालेला टायर उपटून काढायला तेवढी जागा लागते. त्यामुळे त्याचं बोलणं खोटं आहे असं म्हणायला जागाच नव्हती.

पुढच्या रविवारी तुळजापूर रोडला निघालो. हिप्परगा तलाव गेला, तामलवाडी गेली, सगळं ठीक होतं. घाट लहानच आहे. चढून गेलो, वर चहा घेतला आणि उतरताना दुसऱ्या वळणावर मागचं चाक थड थड करायला लागलं. ब्रेक हळूहळू दाबत कडेला थांबलो. मागचा व्हॉल्व्ह सरळ उभा असायला हवा, तो चक्क तिरका झाला होता. म्हणजे ब्रेक लावला की रिम थांबत होती आणि टायर तिच्यावरून पुढे सरकत होता. आणखी एक जोराचं वळण आणि टायर रिमवरून निघालाच असता. मागून येणारा ट्रक मग थांबला असता की नाही, याचा विचार न केलेला बरा. टेम्पोत सायकल टाकून परत आलो.

सोलापुरात आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. आयुष्य यंत्रमागावर गेलं, पण तरुणपणी रेसिंग केलेलं, आणि स्वतःचे ट्यूब्युलर अजून स्वतःच चिकटवतात. चाक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी सगळी हवा सोडली, मग दोन अंगठे लावून टायरला एक ढकल दिली. हातातली सैल बांगडी निघावी तसा टायर रिमवरून निघाला. ना जोर, ना चरचर.

खाली जे दिसलं ते सांगतो. रिमवर फक्त तीन ठिकाणी पिवळट, चकचकीत, कडक झालेला थर होता, नखाने खरवडला तर खपली निघाली. बाकी पन्हळीत आधीच्या मालकाचा जुना ग्लू, धूळ धरलेला, भुगा झालेला, जसाच्या तसा. टायरची सुती पट्टी पांढरीशुभ्र. म्हणजे तिच्यावर एकही कोट नव्हता. अण्णांनी ती खपली नाकाशी नेली आणि हसले. ‘बे, हे चपला चिकटवायचं सोल्युशन हाय. तेवढ्यानं चप्पल चिकटते, टायर नाय चिकटत.’

ट्यूब्युलरचा ग्लू वाळला तरी चिकट राहतो, टायर ओढला तर तारा सुटतात. इथलं चपलेचं सोल्युशन वाळून कडक झालं होतं आणि टायर जरा हलला की तडकत होतं. पुढचं चाक काढून पाहिलं, तीच कथा. फक्त व्हॉल्व्हजवळ भरपूर लावलं होतं, कारण गिऱ्हाईक अंगठा तिथेच लावून बघतं.

मग रविवारपर्यंत टायर जागेवर राहिला कसा? अण्णांनी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. ट्यूब्युलरमध्ये ११०-१२० पीएसआय हवा भरली की टायर रिमभोवती आवळला जातो. त्यामुळे ग्लू नसला तरी सरळ रस्त्यावर काही कळत नाही. दुकानात हवा भरलेला टायर कितीही ढकला, पास होतो. परीक्षा घ्यायची ती हवा पूर्ण सोडून, आणि चाकाच्या सगळ्या घेरावर, दोन्ही बाजूंनी. पट्टी आणि रिममध्ये फट दिसली, नख आत गेलं, तर ते चाक वापरायचं नाही. दोन-तीन बोटं सोडलेली जागा चालते, पण ती फक्त व्हॉल्व्हच्या समोर.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यात उतारावर ब्रेक लावून रिम तापते आणि खरा ग्लूसुद्धा मऊ पडतो. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये १४ जुलैला गॅप या गावाकडे उतरताना स्पॅनिश रेसर होसेबा बेलोकीचा मागचा टायर असाच रिमवरून निघाला. कडक ऊन, डांबर पाघळलेलं, आणि मांडीचं हाड, कोपर, मनगट तिन्ही मोडलं. तिथे तर टीमचे पगारी मेकॅनिक होते. इथे खपलीच्या भरवशावर घाट उतरायचा!

दुकानात गेलो तेव्हा मालक जेवायला गेला होता. हाताखालचं पोरगं होतं, त्याला मी सहज विचारलं, कोट वाळवायला चाकं कुठे टांगता? ते निरागसपणे म्हणालं, ‘टांगत नाही काका. तुमचं तर बुधवारी संध्याकाळीच केलं, अर्ध्या तासात.’ काउंटरवरचा डबा उचलून पाहिला. झाकण ग्लूनेच घट्ट धरलेलं, आतला माल दगड झालेला, हलवला तर खुळखुळतो. तो डबा कित्येक वर्षांत उघडलेला नसणार.

मालक आल्यावर आधी म्हणाला, तुम्ही हवा कमी ठेवली असेल. मग म्हणाला, उन्हाने ग्लू सुटला. मी पट्टी दाखवली, ग्लू लागलेलाच नाही तर सुटणार कसा? त्यावर आवाज चढवून ‘बिल आहे का?’ असं विचारलं. बिल त्याने दिलंच नव्हतं. पण यूपीआयची नोंद आहे, आणि ‘तीन कोट’ असं त्याच्याच नंबरवरून आलेलं आहे.

म्हणून आता कुणाकडे टाकणार असाल तर हिशेब लेखी मागवा, आणि चाकं चार दिवस दुकानात राहिली म्हणजे काम झालं असं धरू नका. पहिला कोट लावल्यावर टायर चढवायच्या आत एकदा जाऊन रिम डोळ्यांनी बघा. सबंध पन्हळीत सारखा पातळ थर दिसतो, लपवता येत नाही. खरं काम करणारा दाखवायला का कू करणार नाही. ग्लूचा डबा आपणच विकत आणून दिला तर आणखी चांगलं.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. खपल्या, पट्टीचे फोटो आणि चॅट जपून ठेवलंय.

परवा त्याचा मेसेज आला: ‘सर, तक्रार मागे घ्या, दोन्ही चाकं फुकट करून देतो, यावेळी तुमच्यासमोर.’ चाकं अण्णांनी केव्हाच करून दिली आहेत. मी लिहिलं, पैसे परत करा, मग बघू. मेसेज वाचलाय, उत्तर अजून नाही.